मार्साश्लॉक, माल्टा: रविवारी जाऊ नका, आणि माशाचं वजन आधी विचारा

रेटिंग आधीच देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. गावाला पाचपैकी साडेचार. रविवारच्या मासळी बाजाराला दोन, त्यातला एक होड्यांचा. पहिल्या दिवशी जिथे जेवलो त्या हॉटेलाला चवीचे चार आणि बिलाचा एक, नाव सांगत नाही कारण अर्धी चूक आमची होती. बाकी सगळं खाली आहे, जरा लांबलंय, पण ऑक्टोबरात जायचं डोक्यात असेल तर वाचा.

आधी नाव. स्पेलिंगमध्ये मधोमध एक्स आहे आणि शेवटी दोन के, त्यामुळे विमानात बसेपर्यंत मी मार्साक्सलॉक म्हणत होते. माल्टीज भाषेत एक्सचा उच्चार श. मार्साश्लॉक. मार्सा म्हणजे बंदर, अरबीतून आलेला शब्द, आणि श्लॉक म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा, ज्याला बाकी युरोपात सिरोको म्हणतात, तो आफ्रिकेच्या वाळवंटातून निघतो आणि समुद्रावरून येता येता दमट होतो. गाव खरंच भूमध्य समुद्रातल्या या माल्टा बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, म्हणजे नावातच पत्ता लिहिलाय.

आम्ही तिघं गेलो, मी आणि आई-बाबा. मी म्युनिकला असते, आई-बाबा मालवणहून तीन महिन्यांसाठी आलेले, नवऱ्याला सुट्टी नव्हती. ऑक्टोबर लागला आणि म्युनिकचं आभाळ जे राखाडी झालं ते झालंच, आई रोज सकाळी खिडकीशी उभी राहून विचारायची, हय ऊन पडता की नाय? आणि दुसरं गाऱ्हाणं माशाचं. आमच्या सुपरमार्केटात मासा मिळतो म्हणजे काय, तर सालमनचा गुलाबी चौकोन प्लॅस्टिकमध्ये, ना डोकं ना शेपूट. आई म्हणाली ह्याला चेहराच नाही तर ताजा आहे हे कळणार कसं. तर ऊन आणि चेहऱ्याचा मासा या दोन अटींवर मी माल्टा शोधलं. म्युनिकहून थेट विमान आहे, अडीच तासांच्या आत पोचतं, माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाच्या गटात असल्याने आई-बाबांना वेगळा व्हिसा नको. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. सगळे पर्यटक स्लीमा नाहीतर सेंट ज्युलियन्सला राहतात आणि मार्साश्लॉकला रविवारी सकाळी दोन तासांसाठी येतात. मी उलटं केलं, मार्साश्लॉकमध्येच चार रात्री खोली घेतली, छोटं स्वयंपाकघर असलेली. ट्रिपमधला माझा हा एकच निर्णय असा की ज्याबद्दल बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे तो बरोबर होता.

बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, कणकवली डेपो. त्यामुळे बसचा रिव्ह्यू त्यांचा. राजधानी व्हॅलेटाहून मार्साश्लॉकला ८१ आणि ८५ नंबरच्या बस येतात, पाऊणएक तास धरून चाला, तिकीट दोन-अडीच युरो आणि त्या तिकिटावर दोन तासांत दुसरी बस पण बदलता येते. तिथल्या रहिवाशांना कार्ड दाखवलं की फुकट, ऑक्टोबर २०२२ पासून. बाबांना हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, मग ह्यांचा पगार कोण करतं? दुसरी गोष्ट त्यांना भयंकर आवडली ती म्हणजे इथे स्टॉपवर नुसतं उभं राहून चालत नाही, हात दाखवावा लागतो, नाहीतर ड्रायव्हरला वाटतं तुम्ही दुसऱ्या गाडीची वाट बघताय आणि तो सरळ निघून जातो. अगदी आपल्यासारखं. गाड्याही डाव्या बाजूने चालतात, १९६४ पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं ना. प्लगपण इंग्रजांचे चौकोनी तीन पिनांचे, जर्मनीचे चार्जर घेऊन गेलात तर अडॅप्टर लागेल, मी विसरले होते. २०११ पर्यंत तिथे जुन्या पिवळ्या बस होत्या, ड्रायव्हरच मालक असायचे आणि आपापली गाडी रंगवून, क्रोम लावून, देवाचे फोटो लावून नटवायचे, म्हणजे आपल्याकडच्या ट्रकसारखं. आता सगळ्या एकसारख्या एसी गाड्या आहेत. बाबांनी जुन्यांचा फोटो एका दुकानात पोस्टकार्डवर बघितला आणि ते कार्ड विकत घेतलं, पूर्ण ट्रिपमधली त्यांची स्वतःची एकमेव खरेदी.

शनिवारी रात्री उशिरा पोचलो, काही दिसलं नाही. रविवारी सकाळी साडेआठला खाली उतरलो आणि समोर त्या होड्या.

यांना लुत्सू म्हणतात. फोटो तुम्ही बघितले असतील पण फोटोत रंगांचा अंदाज येत नाही. निळा, पिवळा, लाल, हिरवा, सगळे एकाच होडीवर आडव्या पट्ट्यांनी, आणि दोन्ही टोकं निमुळती. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना एकेक डोळा, कोरलेला किंवा लाकडाचा बसवलेला, वर भुवईपण. हा डोळा इजिप्तच्या ओसायरिस देवाचा, फिनिशियन नावाच्या प्राचीन दर्यावर्दी लोकांबरोबर इथे आला असं सांगतात, समुद्रावर वाईटापासून राखण करतो म्हणून. गाव पक्कं कॅथलिक, होड्यांची नावं संतांची, आणि पुढे डोळा मात्र त्या जुन्या देवाचा, कोणाला काही अडचण नाही. आईला तर काहीच वेगळं वाटलं नाही. आपण दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतो, यांनी डोळाच लावला, म्हणजे उलट समोरच्याला दृष्ट लावायची, असं तिचं लॉजिक. नाळेच्या वरच्या पट्ट्याला ते मिशी म्हणतात, शब्दशः मिशी, पूर्वी त्या मिशीच्या रंगावरून होडी कुठल्या गावची ते कळायचं, आणि घरात कोणी गेलं की ती काळी रंगवायचे. आम्ही असताना एका होडीची मिशी काळी होती. बाबा तिच्यासमोर जरा वेळ उभे राहिले.

आता बाजार. मी जे वाचून गेले होते त्यात सगळीकडे एकच, जगप्रसिद्ध मासळी बाजार, चुकवू नका. तर मंडळी, बाजार मोठा आहे, अख्ख्या धक्क्याच्या कडेने जातो, पण त्यातली मासळी म्हणजे एका टोकाला थोडी टेबलं. बाकी काय तर टेबलक्लॉथ, फ्रिज मॅग्नेट, मोबाईलची कव्हरं, चड्डी-बनियन, खेळण्यातली लुत्सू, मध, केपरच्या म्हणजे खारवलेल्या कळ्यांच्या बरण्या, निवडुंगाच्या बोंडांची गुलाबी दारू. आणि माणसं. टूरच्या बसेस येऊन थांबतात आणि झेंडा धरलेल्या गाईडमागून पन्नास-पन्नास लोक उतरतात. आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, काय गो, ह्यो मासळी बाजार? मासळी खंय आसा?

शेवटी पोचलो टेबलांपर्यंत. ट्यूना होता मोठे तुकडे केलेला, तलवार मासा होता पूर्ण, नाकाची तलवार वर करून ठेवलेला फोटोसाठी, ऑक्टोपस, लाल कोळंबी. आणि एका बाजूला चंदेरी माशांची रास, सी ब्रीम. आईने दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, हे तळ्यातले. कसं म्हटलं तर सगळे एका मापाचे, साच्यातून काढल्यासारखे, समुद्रातली मासळी अशी शाळेतल्या मुलांसारखी उंचीप्रमाणे उभी राहत नाही. मी विक्रेत्याला विचारलं, तो हसला आणि म्हणाला हो, फार्मचे. माल्टात हे मासे समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवतात, वाईट नसतात, पण मग रविवारी धक्क्यावर येऊन घेण्यात काय मजा. ट्यूनाचंही तसंच, मोठमोठे ब्लूफिन पकडून पिंजऱ्यात पोसतात आणि त्यातला मोठा वाटा थेट जपानला जातो. घाऊक मासळीचा लिलाव पण इथे होत नाही, तो मार्सा नावाच्या दुसऱ्याच गावात. म्हणजे रविवारचा हा बाजार गावाचा राहिला नाही, पाहुण्यांचा झालाय. ज्यांना वातावरण, फोटो, मॅग्नेट हवंय त्यांनी खुशाल जावं, पण आठाच्या आत, नंतर धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि परतीच्या बसला लाइन लागते.

दुपारी जेवायला बसलो धक्क्यावरच्याच एका हॉटेलात, कारण भूक लागलेली आणि सगळीकडे गर्दी. इथे आमचा मामा झाला. वेटर बर्फाचा ट्रे घेऊन आला, त्यात पाचसहा अख्खे मासे, बोट दाखवा तो करून आणतो. आईला हे एकदम आवडलं, चेहऱ्याचा मासा! तिने कल्ले उचलून बघितले, वेटर जरा दचकला, मग तिने सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवलं. किंमत मेन्यूत होती पण शंभर ग्रॅमची, ती दिसते साडेपाच युरो, डोळ्याला काही खुपत नाही. वजन आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मासा आला मिठात भाजलेला, वरचं मिठाचं कवच टेबलाशी येऊन फोडतात, आत मासा इतका मऊ की बाबा, जे रस्सा नसेल तर मासा खात नाहीत, ते पण दोनदा घेतले. मग बिल. मासा एक किलो सहाशे ग्रॅम. करा हिशोब. पाव-लोणी जे न मागता आणून ठेवलं होतं त्याचेही पैसे वेगळे. बाबांनी बिल हातात घेऊन कंडक्टरच्या सवयीने दोनदा बेरीज तपासली, बेरीज बरोबर होती हेच दुःख. तर एवढं लक्षात ठेवा, अख्खा मासा सांगताना समोर वजन करायला लावा आणि शंभर ग्रॅमच्या भावाला दहाने गुणा. त्यात लाजायचं काही नाही, तिथली माणसंही विचारतात, हे दुसऱ्या दिवशी बाजूच्या टेबलावर बघितलं.

चारनंतर गाव बदलतं. बसेस जातात, स्टॉल उचलतात, टपऱ्यांच्या मागे मांजरं येऊन बसतात, ज्या धक्क्यावर सकाळी मॅग्नेट विकत होते तिथे आता जाळी पसरलेली. मला आवडलेलं गाव हे. चर्चसमोरच्या चौकात म्हातारे पुरुष बाकावर बसून बोलत असतात, मोठ्याने, भांडण चाललंय असं वाटावं इतकं, आणि दर वाक्याला एक शब्द, मेला. पहिल्यांदा ऐकून आई दचकली, कोण मेला? माल्टीजमध्ये मेला म्हणजे आपलं 'मग'. मग काय, मग चल, मग ठीक आहे. त्यानंतर दोन दिवस बाबांनी प्रत्येक वाक्य मेलाने सुरू केलं आणि आईने त्यांना दोनदा दम दिला.

भाषेवरून थोडं विषयांतर करते. माल्टीज ही अरबीच्या घराण्यातली भाषा पण लिहितात रोमन लिपीत, आणि युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषांमध्ये या घराण्यातली ही एकटीच. त्यामुळे आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेले शब्द अधूनमधून ओळखीचे वाटून जातात. पुस्तकाला क्तीब, आपलं किताब. जगाला दिन्या, आपली दुनिया. बातमीला अहबार, आपली खबर. देवाला अल्ला म्हणतात, चर्चमध्ये, कॅथलिक प्रार्थनेत. आणि थँक्यूला ग्रात्सी, ते इटलीकडून. दुकानातल्या बाईंना ग्रात्सी म्हटलं की त्या खूश होतात. इंग्रजी सगळ्यांना येतंच, अडत काही नाही. हॉटेलांच्या किचनमध्ये आणि डिलिव्हरीच्या स्कूटरवर तर भारतीय, नेपाळी पोरंच जास्त दिसली, बाबांनी धक्क्यावर एका केरळच्या मुलाशी हिंदीत अर्धा तास गप्पा मारल्या, दोघांचंही हिंदी सारखंच.

सोमवारी सेंट पीटर्स पूल. गावातून डेलिमारा नावाच्या निमुळत्या टोकाकडे चालत अर्धा-पाऊण तास, किंवा धक्क्यावरून छोट्या होड्या सोडतात. आम्ही जाताना होडी केली आणि येताना चाललो, हे उलटं करायला हवं होतं कारण येताना चढ आहे आणि सावली म्हणाल तर शून्य. जागा मात्र काय सांगू. पूल म्हणजे पोहायचा, पण बांधलेला नाही, समुद्राने पिवळ्या दगडात कोरलेली अर्धगोल वाटी, कडेला सपाट कातळ, लोक त्यावर टॉवेल टाकून पालीसारखे पडलेले असतात आणि पोरं वरून उड्या मारतात. पाणी असं की तळाचा दगड दिसतो आणि खोली किती ते समजतच नाही. ऑक्टोबरातही पाणी कोमट होतं, उन्हाळाभर तापलेलं. मी मालवणची असून असं पाणी फक्त उन्हाळ्यात, तेही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला बघितलंय. पण ऐका, तिथे लाइफगार्ड नाही, टॉयलेट नाही, छत्री नाही, टपरी असली तर असली. आत उतरायला लोखंडी शिडी आहे. वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून असेल, म्हणजे तोच श्लॉक, तर पाण्यात जाऊच नका, लाटा सरळ त्या वाटीत शिरतात आणि कातळावर आपटतात. वयस्कर माणसं सोबत असतील तर चपला नको, बूट. आई कातळावर बसून राहिली, पाय पाण्यात सोडून, आणि तिथे मिळालेलं पास्तित्सी खात होती. पास्तित्सी म्हणजे खारीसारख्या पापुद्र्याची करंजी समजा, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. वाटाण्याचं घ्या, त्यात मसालाही असतो थोडा, आपल्या जिभेला पटतं. सोबत किनी नावाचं कोल्ड्रिंक, कडू संत्र्यांचं, १९५२ पासूनचं. पहिला घोट बाबांना खोकल्याचं औषध वाटला, चौथ्या दिवशी ते स्वतः जाऊन विकत आणत होते.

आता न आवडणाऱ्या गोष्टी, कारण फोटोत त्या कापलेल्या असतात. खाडीच्या समोरच्या काठाला बिर्झेबुजा गावचं फ्रीपोर्ट, कंटेनरच्या राशी आणि आकाशात गेलेल्या क्रेन. दुसऱ्या बाजूला डेलिमाराचं वीज केंद्र, आणि त्यासमोर कायमचं नांगरलेलं एक अवाढव्य जहाज ज्यात द्रवरूप गॅस साठवतात, २०१६ पासून आहे. रंगीत होड्या बघता बघता नजर वर गेली की हे. काही लोकांचा मूड जातो त्याने, रिव्ह्यूत रडलेत बरेच जण. मला एवढं नाही खुपलं. घारापुरीला जाताना न्हावाशेवाच्या क्रेन दिसतातच ना आपल्याला. बंदर म्हटलं की कामाला येणारच, आणि ही खाडी तर आधीपासून सगळ्यांच्या कामाला आलेली आहे. १५६५ साली तुर्कांचं आरमार माल्टाला वेढा घालायला आलं ते इथेच नांगरलं. त्यानंतर हे पुन्हा होऊ नये म्हणून १६१० च्या सुमारास तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी टोकावर सेंट लुशियन बुरूज बांधला, तो अजून उभा आहे, आत आता मत्स्यसंवर्धनाचं केंद्र चालतं. १७९८ ला नेपोलियनच्या फौजा ज्या ठिकाणी उतरल्या त्यातलं एक हे. आणि डिसेंबर १९८९ मध्ये बुश आणि गोर्बाचेव्ह यांची शिखर परिषद या खाडीत, जहाजांवर ठरवलेली. इतकं वादळ झालं की युद्धनौकांवरच्या ठरलेल्या बैठका सोडून मॅक्सिम गॉर्की नावाच्या सोव्हिएत प्रवासी जहाजावर बसावं लागलं, पत्रकारांनी परिषदेचं नावच उलटीची परिषद पाडलं. बर्लिनची भिंत पडून महिनाही झाला नव्हता. बाबांना हे नीट आठवत होतं, डेपोतल्या रेडिओवर ऐकलेलं, माल्टा कुठे आहे यावरून तेव्हा दोघांत पैज लागली होती म्हणे.

आपलाही एक धागा आहे. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध होईल अशी भीती पडली तेव्हा इंग्रजांनी मुंबईच्या बंदरातून सुमारे ७,००० हिंदी शिपाई जहाजांनी माल्टाला आणून ठेवले होते. युद्ध झालं नाही, ते परत गेले. व्हॅलेटाच्या तटबंदीवर फिरताना सारखं तेच डोक्यात येत होतं की यातला कोणीतरी कोकणातला असेल, आणि त्यानेही इथे मासळी बघून भाव विचारला असेल.

गावाच्या वर टेकडीवर तास-सिल्ज नावाची जुनी जागा आहे, हजारो वर्षं एकाच ठिकाणी एकामागून एक देवळं. आधी अश्मयुगातलं, मग फिनिशियन लोकांची अस्टार्टे देवी, मग रोमनांची जुनो, मग चर्च. रोमन वक्ता सिसेरोने व्हेरेस नावाच्या गव्हर्नरवर जो खटला चालवला त्यात माल्टातलं जुनोचं देऊळ लुटल्याचा आरोप आहे, ते देऊळ हेच मानतात. त्याच भाषणात एक गोष्ट आहे की उत्तर आफ्रिकेतल्या न्युमिडियाच्या राजाच्या आरमारप्रमुखाने या देवळातले मोठे हस्तिदंत उचलून राजाला भेट दिले, राजाला कळलं कुठून आणलेत, तर त्याने ते वर मजकूर कोरून सन्मानाने परत पाठवले. आम्ही गेलो त्या दिवशी गेटला कुलूप. ही जागा मोजक्याच दिवशी उघडतात, आधी चौकशी करून जा. कुंपणातून दगड बघितले आणि खाली आलो.

आणि आता मंगळवार, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

मंगळवारी सकाळी सहाला आई उठून एकटीच खाली गेली. मी धावत मागे गेले तर ती धक्क्यावर एका आजोबांसमोर उभी, ते जाळं शिवत होते, सुई तीच, हात चालवायची पद्धत तीच. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मालवणी येत नाही, पण जाळ्यातल्या एका फाटक्या जागेकडे बोट दाखवून ती काहीतरी सांगत होती आणि ते मान हलवत होते. मग मी दुभाषी झाले.

ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत इथे लाम्पुकी नावाच्या माशाचा सीझन. बाकी जगात याला माहीमाही किंवा डोराडो म्हणतात. पकडायची पद्धत ऐकून आई हसायलाच लागली. समुद्रावर तरंगणारे तराफे सोडतात, त्याला खजुरीच्या झावळ्या बांधलेल्या, खाली दगडाचा नांगर. याला कन्नित्साती म्हणतात. मोकळ्या समुद्रात कुठे सावली नसते, लाम्पुकी त्या झावळ्यांच्या सावलीत येऊन थांबतात, मग होडी येते आणि भोवती जाळं टाकते. कोणी कुठल्या रांगेत तराफे सोडायचे हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे भांडणं नकोत. आजोबा म्हणाले पूर्वी तरंगायला बुचाचं लाकूड वापरायचे, आता थर्माकोल आणि प्लॅस्टिक. आई म्हणाली आमच्याकडे झावळ्या घरावर घालतात, सावलीत माणसं येऊन बसतात, तुम्ही माशांना बसवता. हे मी भाषांतर करून सांगितलं तर ते इतके हसले की सुई खाली पडली.

थोड्या वेळाने एक होडी लागली. लाम्पुकी पाण्यातून काढल्याकाढल्या बघायला मिळणं हे नशीब, सोनेरी-हिरवा, पाठीवर निळी झाक, आणि बघता बघता रंग उतरून राखाडी होतो. नराचं कपाळ पुढे आलेलं, बाबांनी लगेच एका जुन्या डेपो मॅनेजरची आठवण काढली. आईने कल्ले बघितले, डोळा दाबून बघितला, पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ताजो. भाव आठ युरो किलो. रविवारच्या हॉटेलातला भाव किती होता ते तुम्ही वर गुणलंच असेल. रोज असं मिळेलच असं नाही, बरीचशी मासळी सरळ घाऊक बाजारात जाते, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर उठून धक्क्यावर उभं राहिलात आणि नीट विचारलंत तर शक्यता चांगली आहे. रोख पैसे ठेवा, सुट्टे.

खोलीवर आईने कालवण केलं. तिरफळं आणि आमसुलं तिच्या बॅगेत होतीच, ती मालवणहून म्युनिकला आणि म्युनिकहून माल्टाला आली, इतकी ती मीपण फिरलेली नाही. ओला नारळ मिळाला नाही, सुपरमार्केटातला नारळाच्या दुधाचा डबा वापरला, त्यावर तिने दोन दिवस खंत केली. लाम्पुकीचं मांस घट्ट असतं, रश्श्यात मोडत नाही, काटाही कमी. बाबा चार भाकऱ्यांच्या ऐवजी चार जाड पावाचे तुकडे खाऊन उठले. तिथला पाव, होब्झ, वरून कडक आणि आत जाळीदार, रस्सा ओढून घेतो, त्याला पाचपैकी पाच. तिथली ती गोल चपटी फ्तिरा पण खा, टोमॅटो, ट्यूना, केपर घालून, तिला युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीय २०२० मध्ये.

वासाने खालच्या घरमालकीणबाई वर आल्या. आम्हाला वाटलं तक्रार करायला. त्या वाटी घेऊन आल्या होत्या. रस्सा खाल्ला, नाक पुसलं, काळं आंबट काय आहे विचारलं, आईने एक मूठभर आमसुलं कागदात बांधून दिली. संध्याकाळी त्यांच्याकडून परतफेड आली, लाम्पुकीचा पाय, इंग्रजीतला पाय, म्हणजे पिठाच्या आवरणात मासा, पालक, फ्लॉवर, ऑलिव्ह, केपर घालून भाजलेला. आईला माशात फ्लॉवर ही कल्पनाच सहन होत नव्हती. तिने एक घास घेतला, मग गप्प बसून पूर्ण तुकडा संपवला, आणि म्हणाली, मीठ बरा आसा.

कोणी जावं विचाराल तर, बीच म्हणून वाळू हवी असेल त्यांनी इथे येऊ नये, गावात वाळूचा बीच नाहीच म्हणा. रात्री दहानंतर काही चालू नसतं, तरुण पोरांना कंटाळा येईल. शाकाहारी माणसाचं पास्तित्सी, पास्ता, बिगिला नावाची लसणाची शेंगदाण्यासारखी दिसणारी पण कडधान्याची चटणी, यावर तीन दिवस निभेल, चौथ्या दिवशी नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी धक्का सपाट आहे, बाक भरपूर, फक्त डेलिमाराकडे नेऊ नका. राहायचं असेल तर किमान दोन रात्री, त्यात रविवार नको, आणि स्वयंपाकघर असलेली खोली बघा.

निघताना बुधवारी सकाळी बसस्टॉपवर उभे होतो, उरलेला पाय आईने फॉइलमध्ये बांधून पर्समध्ये घेतलेला. बस वळणावर दिसल्यादिसल्या बाबा रस्त्याच्या कडेला गेले आणि त्यांनी हात असा काही दाखवला, अख्खी सर्व्हिस हाताखालून गेलेल्या माणसाचा हात, की ड्रायव्हरने स्टॉपच्या दहा फूट आधीच गाडी थांबवली.